घरातून बंदुकांचा व्यवसाय: अमेरिकेत परवाना मागण्यापूर्वी

अमेरिकेत राहत्या घरातून बंदुकांची खरेदी-विक्री करता येते. त्यासाठी बाजारात दुकान थाटावं लागत नाही. गॅरेजचा एक कोपरा किंवा घरातली एक बंद खोलीही व्यवसायाची जागा म्हणून चालू शकते. लागतो तो संघीय परवाना, ज्याला तिथे सगळे एफएफएल म्हणतात. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत स्थिरावलेल्या आणि नेमबाजीची आवड जडलेल्या काही मराठी घरांमध्येही हा विचार आता होऊ लागला आहे: नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी, घरातूनच हा जोडधंदा करावा का?

जरूर विचार करा, पण त्याआधी हा व्यवसाय नेमका कसला आहे ते समजून घ्या. रोज हाताळायची वस्तू बंदूक असली, तरी तुमचा परवाना टिकतो तो नोंदवहीवर. अर्ज मंजूर होणं हा त्यातला सोपा भाग आहे. पुढे कित्येक वर्षं एकही नोंद न चुकवता वही लिहायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला गरज पडली तर 'नाही' म्हणायचं, हे खरं काम आहे. ते जमणार असेल तरच पुढे जा.

परवाना लागतो तरी कधी?

या सगळ्याचा पाया १९६८चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट. त्याची अंमलबजावणी दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं यांवर देखरेख ठेवणारा संघीय विभाग करतो, म्हणजेच एटीएफ. स्वतःच्या संग्रहातली एखादी रायफल कधीतरी विकली, तर त्यासाठी डीलरचा परवाना लागत नाही. पण नफा मिळवण्याच्या मुख्य हेतूने पुन्हा पुन्हा बंदुका घेऊन विकू लागलात की तुम्ही 'व्यवसायात' आलात. पूर्वी कायद्यात उपजीविका आणि नफा असे दोन्ही शब्द होते. २०२२च्या कायद्याने उपजीविकेची अट काढली. त्यामुळे 'माझी नोकरी वेगळी आहे, हा फक्त छंद आहे' हा बचाव आता पूर्वीइतका टिकत नाही. परवान्याशिवाय हा धंदा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याची दुसरी बाजूही आहे. स्वतःसाठी घाऊक दरात बंदुका मिळाव्यात एवढ्याचसाठी हा परवाना मिळत नाही. अर्ज करताना खरा व्यवसाय करण्याचा हेतू असावा लागतो. जुन्या, ऐतिहासिक बंदुका जमवण्याचीच आवड असेल, तर संग्राहकांसाठी 'टाइप ०३' हा वेगळा परवाना आहे. त्याचं शुल्क तीन वर्षांना ३० डॉलर. मात्र त्यावर व्यापार करता येत नाही.

तुम्ही पात्र आहात का?

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले, फरारी, बेकायदा अमली पदार्थ वापरणारे अशा अनेक गटांना बंदूक बाळगायलाच बंदी आहे. परवाना तर दूरच. राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी बंदुकीच्या फॉर्मवरचा प्रश्न संघीय कायद्याचा असतो, हेही लक्षात ठेवा.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची अट व्हिसाची आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ हे सगळे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसा आहेत, आणि अशा व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते बाळगण्यापुरते. त्यांच्या आधारावर व्यवसायाचे मनसुबे रचू नका. शिवाय एच-१बीवर ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केला, तिच्याच कामाची मुभा असते. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक मात्र अर्ज करू शकतात.

घरातून धंदा करायचा असेल तर ही अट तुमच्या एकट्यापुरती राहत नाही. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, ते पर्यटक व्हिसावर. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तेही तात्पुरत्या वास्तव्याचेच. तिजोरीची किल्ली त्यांच्या हाताशी असणं, तिचे आकडे त्यांना माहीत असणं, दारात आलेलं बंदुकीचं पार्सल त्यांनी सही करून घेणं, हे सगळं टाळायलाच हवं. प्रत्यक्ष हातात बंदूक नसली तरी ती त्यांच्या ताब्यात होती असं कायदा मानू शकतो. घरात कोण कोणत्या व्हिसावर आहे, याची यादी करून इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला ती आधीच दाखवा.

आधी घर, मग अर्ज

अनेकांचा अर्ज अडतो तो इथे. अर्जावर तुम्ही सही करून हमी देता की या पत्त्यावर हा व्यवसाय करायला राज्य आणि स्थानिक कायद्यांची आडकाठी नाही. म्हणून पहिला फोन एटीएफला नको, तुमच्या शहराच्या किंवा काउंटीच्या झोनिंग कार्यालयाला करा. निवासी भागात घरगुती व्यवसायाला परवानगी आहे का? बंदुकांचा व्यवसाय त्यातून वगळला आहे का? गिऱ्हाइकं घरी येऊ शकतात का, दिवसाला किती, गाड्या कुठे उभ्या राहणार, पाटी लावता येते का? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.

दुसरं, सोसायटीचे नियम. अमेरिकेतल्या अनेक वसाहतींत घरमालक संघटना असते आणि घर घेताना सही केलेल्या करारनाम्यात व्यवसायावर बंदी असू शकते. शहराने हो म्हटलं तरी संघटना खटला भरू शकते. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी संमती मिळवा.

तिसरं, विमा. घराचा नेहमीचा विमा घरातल्या व्यवसायाच्या मालाला आणि त्यातून उद्भवणाऱ्या दाव्यांना बहुधा लागू होत नाही. व्यवसायाची वेगळी पॉलिसी किती हप्त्याला पडते ते आधी विचारा. कधी कधी तो आकडाच तुमचा निर्णय करून टाकतो.

शाळा जवळ असेल तर आणखी एक गोष्ट. संघीय कायद्यात शाळेभोवती १,००० फुटांचं क्षेत्र बंदुकांसाठी निषिद्ध आहे. खाजगी मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण तुमच्या घरी येणारं गिऱ्हाईक रस्त्यावरून येणार. त्याची बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत असायला हवी, हे त्याला आधीच कळवणं तुमच्या हिताचं.

स्थानिक नियमांवर एवढा भर का, याला इतिहास आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक परवाने होते. तीन वर्षांचं शुल्क अवघं ३० डॉलर होतं आणि अनेक परवानाधारकांचं दुकान म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. १९९३मध्ये शुल्क २०० डॉलर झालं. १९९४च्या कायद्याने फोटो, बोटांचे ठसे आणि स्थानिक कायदा पाळण्याची हमी सक्तीची केली. पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक परवाने गळाले. घरगुती डीलर संपले नाहीत. जे टिकले, त्यांनी कागद नीट ठेवले.

अर्ज आणि तपासनिसाची भेट

साध्या खरेदी-विक्रीसाठी आणि दुरुस्तीसाठी 'टाइप ०१' परवाना लागतो. पहिल्या तीन वर्षांचं शुल्क २०० डॉलर, नंतर दर तीन वर्षांच्या नूतनीकरणाला ९० डॉलर. बंदुका तयार करून विकायच्या असतील तर 'टाइप ०७', १५० डॉलर. पण त्याबरोबर उत्पादन कर आणि इतर जबाबदाऱ्या येतात. मशीनगन, सायलेन्सर वगैरे १९३४च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. नवख्या माणसाने त्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

'फॉर्म ७' हा अर्ज. त्यासोबत फोटो आणि बोटांच्या ठशांचं कार्ड द्यावं लागतं. कंपनी काढून अर्ज करत असाल तर कारभारात अधिकार असलेल्या प्रत्येकाची माहिती आणि ठसे लागतात. केवळ कागदोपत्री भागीदार म्हणून भावाचं किंवा मेव्हण्याचं नाव घालू नका. अर्जाची प्रत गावच्या पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची असते. ती माहितीसाठी असते. त्यांची परवानगी संघीय कायद्यात लागत नाही. सगळी कागदपत्रं नीट असलेल्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यावा, असं कायदा सांगतो.

मधल्या काळात एटीएफचा तपासनीस घरी येतो. ही भेट म्हणजे सापळा नव्हे. तो तुमची ओळख तपासतो, बंदुका आणि वह्या कुठे राहणार ते बघतो, झोनिंगचे कागद मागतो आणि नियम समजावून सांगतो. प्रश्न लिहून ठेवा आणि मोकळेपणाने विचारा. व्यवसायाची खोली घरापासून शक्य तितकी वेगळी ठेवा: स्वतंत्र दार असेल तर उत्तम, नाहीतर निदान स्वतंत्र कुलूप. पुढच्या तपासण्या याच जागेच्या होणार आहेत. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर सरकारी फॉर्म पसरलेले असतील, तर कामाची जागा आणि घर यांची सीमा उरत नाही.

अर्जात तुम्ही कामाचे तासही लिहिता. आठवड्यातून दोन संध्याकाळी एवढेही चालतात, पण जे लिहाल ते पाळा.

राज्याचा दरवाजा वेगळा

संघीय परवान्याने निम्मंच काम होतं. टेक्सासमध्ये राज्याचा वेगळा शस्त्रविक्रेता परवाना नाही. विक्रीकराची नोंदणी मात्र हवी. पेनसिल्व्हेनियात विक्रीचा राज्य परवाना काउंटीचा शेरीफ देतो. इलिनॉयमध्ये २०१९पासून राज्य पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात स्वतंत्र राज्य परवाने आहेत. कॅलिफोर्नियात खरेदीदाराला दहा दिवस थांबावंही लागतं. एडिसनमधल्या मित्राला जे करावं लागलं, ते डॅलसमधल्या तुम्हाला लागू होईलच असं नाही. आपल्या राज्याचे नियम आपणच वाचायचे.

वही, फॉर्म आणि फोन

परवाना भिंतीवर लागला की खरं काम सुरू होतं. घरगुती डीलरकडे येणारी बहुतेक कामं साधी असतात. कुणीतरी दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून ऑनलाइन बंदूक घेतो, ती तुमच्या पत्त्यावर येते, तुम्ही तपासणी करून त्याच्या हाती देता आणि तुमचं शुल्क घेता. पाठवणाऱ्या डीलरचा परवाना खरा आहे का, हे एटीएफच्या 'ईझी चेक' सेवेवर पाहता येतं.

बंदूक आली की आवक-जावक वहीत नोंद. बनवणारा, आयात करणारा, मॉडेल, अनुक्रमांक, प्रकार, कॅलिबर, कुणाकडून आली, कधी आली. ही आवक नोंद पुढच्या कामाच्या दिवसाअखेर झालीच पाहिजे. जावक नोंद सात दिवसांच्या आत. अनुक्रमांक खोक्यावरून उतरवू नका, बंदुकीवरून वाचा. दुरुस्तीला आलेली बंदूक त्याच दिवशी परत गेली तर नोंद लागत नाही. एक रात्र जरी तुमच्याकडे राहिली, तरी ती वहीत आली पाहिजे. तुमच्या स्वतःच्या बंदुका वेगळ्या ठेवा आणि त्यांवर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी लावा. व्यवसायाच्या साठ्यातून स्वतःकडे घेतलेली बंदूक एक वर्षाच्या आत विकलीत, तर तो व्यवहार पुन्हा व्यवसायाच्याच नियमांत येतो.

खरेदीदार 'फॉर्म ४४७३' स्वतः भरतो. त्यानंतर तुम्ही पार्श्वभूमी तपासणी करता. ही निक्स नावाची यंत्रणा एफबीआयने ३० नोव्हेंबर १९९८ रोजी सुरू केली. काही राज्यं ती तपासणी स्वतः करतात. उत्तर तीनपैकी एक येतं: पुढे जा, थांबा, नकार. 'थांबा' आलं आणि तीन कामकाजाच्या दिवसांत पुढचं काही कळलं नाही, तर संघीय कायदा तुम्हाला बंदूक देण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. २१ वर्षांखालील खरेदीदारासाठी २०२२पासून ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते. संघीय कायद्यानुसार डीलर हँडगन २१ वर्षांखालच्या माणसाला आणि रायफल किंवा शॉटगन १८ वर्षांखालच्या माणसाला विकू शकत नाही. दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला हँडगन थेट देता येत नाही; ती त्याच्या राज्यातल्या डीलरकडे पाठवावी लागते. प्रत्येक हँडगनसोबत कुलूप किंवा सुरक्षित साठवणुकीचं साधन देणं बंधनकारक आहे. एकाच माणसाने सलग पाच कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा अधिक हँडगन घेतल्या, तर त्याचा वेगळा अहवाल त्याच दिवशी जातो.

तपासणीत सापडणाऱ्या चुका बहुधा साध्या असतात: पत्त्यात काउंटी लिहायची राहिली, तारीख राहिली, सही राहिली. म्हणून गिऱ्हाईक समोर असतानाच फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचा. घाईत असलेल्या माणसाला दहा मिनिटं बसवून ठेवायला संकोच करू नका.

हे सगळं कशासाठी, ते मागोव्याच्या वेळी कळतं. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा प्रवास शोधायला एटीएफ डीलरला विचारतं आणि उत्तर २४ तासांत द्यावं लागतं. अमेरिकेत बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही नाही. कायद्यानेच तिला मनाई आहे. त्यामुळे निर्मात्यापासून पहिल्या खरेदीदारापर्यंतचा दुवा फक्त डीलरच्या वहीत असतो. तुम्ही न लिहिलेली एक ओळ म्हणजे एखाद्या खुनाच्या तपासातला तुटलेला दुवा ठरू शकतो.

घरातली सुरक्षा

संघीय कायदा डीलरने कोणती तिजोरी किंवा कोणता अलार्म बसवावा हे सांगत नाही. काही राज्यं सांगतात. घरात मुलं असतील तर कायद्याची वाट पाहू नका. जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी, गोळ्यांसाठी वेगळं कुलूप, अलार्म, कॅमेरा हा किमान खर्च धरा. पार्सल पोर्चवर टाकून जाऊ नये, अशी लेखी सूचना कुरियर कंपनीला द्या आणि शक्य असेल तर त्यांच्या केंद्रावर जाऊन घ्या. बंदूक चोरीला गेली किंवा हिशेबात सापडली नाही, तर लक्षात आल्यापासून ४८ तासांत एटीएफ आणि स्थानिक पोलीस, दोघांनाही कळवावं लागतं. महिन्यातून एकदा साठा आणि वही ताडून बघण्याची सवय लावून घ्या.

'नाही' म्हणण्याचा हक्क

तपासणी यंत्रणेने हिरवा कंदील दाखवला तरी विकायलाच हवं असं नाही. या व्यवसायातलं सगळ्यात मोठं माणुसकीचं काम याच जागी आहे.

पहिली शंका दुसऱ्यासाठी खरेदी करणाऱ्याची. फॉर्मवर विचारलेलं असतं की खरा खरेदीदार तुम्हीच का? अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने आपल्या काकांसाठी, सवलतीच्या दरात, स्वतःच्या नावावर पिस्तूल घेतलं. काकांना स्वतः बंदूक घेण्याला कायद्याची आडकाठी नव्हती, तरीही २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. आपल्याकडे नात्यागोत्यात 'माझ्या नावावर घेतो, तू पैसे दे' ही सहज रीत असते. इथे तो संघीय गुन्हा आहे, आणि २०२२च्या कायद्याने दुसऱ्यासाठी केलेल्या बेकायदा खरेदीची शिक्षा १५ वर्षांपर्यंत नेली आहे. नवरा बोलतोय, बायको सही करतेय, पैसे तिसराच मोजतोय असं दिसलं तर थांबा आणि नकार द्या. भारतातल्या नातलगासाठी बंदूक किंवा तिचे भाग मागणाऱ्यालाही हेच उत्तर. निर्यातीचे अमेरिकी नियम आणि भारताचा १९५९चा शस्त्र कायदा, दोन्ही आड येतात.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. २०२१मध्ये एकूण ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ साली एकाच दुकानातून बंदुका घेतलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन जणांनी आठवड्याभरात जीव दिला. त्यानंतर तिथले दुकानदार आणि आरोग्य क्षेत्रातली माणसं एकत्र आली आणि खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखावं, याचं मार्गदर्शन तयार झालं. कोणती बंदूक हवी याच्याशी देणंघेणं नसणं, देखभालीबद्दल काही न विचारणं, ती आजच हवी असा हट्ट, डोळ्यांतली हताशा: असं काही जाणवलं तर विक्री थांबवा, बसवून बोला, ९८८ ही मदतवाहिनी सांगा. त्या दिवशी बुडालेल्या विक्रीची रुखरुख धरू नका. कदाचित त्या घरातलं एक माणूस त्यामुळे वाचलेलं असेल.

तपासणी, बदल आणि शेवट

एटीएफला नियमपालनाची नेहमीची तपासणी बारा महिन्यांतून एकदा, वॉरंटशिवाय करता येते. २०२१मध्ये परवाना रद्द करण्याबाबत कडक धोरण आलं, २०२५मध्ये ते मागे घेतलं गेलं. सरकार बदललं की अंमलबजावणीचा सूर बदलतो. वहीचे नियम त्यामुळे सैल होत नाहीत. घर बदलणार असाल तर किमान ३० दिवस आधी सुधारित परवान्यासाठी अर्ज करा. परवाना पत्त्याला बांधलेला असतो. तो आपोआप नव्या घरी येत नाही. धंदा बंद केलात तर सगळ्या नोंदी एटीएफच्या केंद्राकडे जातात. त्या टाकून देता येत नाहीत. वह्या आणि फॉर्म व्यवसाय चालू असेपर्यंत जपायचे असतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. घरातल्या सगळ्यांशी, विशेषतः जोडीदाराशी, स्पष्ट बोला. त्यांच्या मनाविरुद्ध हा धंदा घरात आणू नका. मग झोनिंग, सोसायटी किंवा घरमालक, विमा आणि राज्याचे नियम, चारही उत्तरं लेखी जमवा. एटीएफच्या संकेतस्थळावरचे नियम आणि 'फॉर्म ४४७३'च्या सूचना शेवटच्या पानापर्यंत वाचा, कारण त्या वेळोवेळी बदलतात. वकिलाशी एक तास बसा. एवढं करूनही उत्साह टिकला तरच 'फॉर्म ७' भरा. वाटेत कुठे अडलात, तर २०० डॉलर आणि पुष्कळ मनस्ताप वाचला असं समजा. आणि परवाना मिळालाच, तर तुमच्या परिसराने तुमच्यावर एक मोठा विश्वास टाकला आहे. तो रोज वही लिहूनच राखावा लागेल.